तेंदूच्या फळीचा हिशेब: लूपने ॲरे भरताना एकच वही सगळ्यांना देऊ नका

व्हिडिओत कोड स्क्रीनवर दिसतोच. इथे त्यामागचं गणित बोलू.

उन्हाळ्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूची फळी लागते. ७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा आल्यापासून बऱ्याच ग्रामसभा पानं स्वतः विकतात. म्हणजे कोणत्या घराने किती पुडे आणले, ही वही गावाच्याच हातात. ती वही मोबाइलवर आणून देणं हा चांगला धंदा आहे. पण तुमच्या कोडमुळे हिशेब चुकला तर कुणाची तरी मजुरी बुडेल, हे आधीच ध्यानात घ्या.

ॲरे म्हणजे नंबर घातलेल्या ओळी, आणि मोजणी शून्यापासून. ५ घरं असतील तर नंबर ० ते ४. म्हणून फॉर लूपमध्ये 'आय पाचपेक्षा लहान' लिहायचं. बेरजेच्या लूपमध्ये 'लहान किंवा समान' लिहिलंत, तर तो नसलेलं सहावं घर शोधतो, त्याला 'अनडिफाइंड' मिळतं आणि बेरीज 'नॅन' होते. ही चूक एका अर्थी बरी, लगेच दिसते तरी. खोक्यात टाइप केलेला आकडाही जावास्क्रिप्टला मजकूर वाटतो: २०० अधिक १५० म्हणजे २००१५०! आधी 'नंबर' फंक्शनमधून काढा.

आता खरी गोम. प्रत्येक घराची रोजची नोंद ठेवायची, म्हणजे मोठ्या ॲरेत घरागणिक छोटा ॲरे. बरेच जण इथे शॉर्टकट मारतात: पाच जागांचा ॲरे, त्यावर 'फिल', आत रिकामा ॲरे. दिसायला पाच वह्या, पण फिलने एकच वही पाचही नावांपुढे ठेवलेली असते. पहिल्या घरात २०० 'पुश' केले की पाचही घरांत २०० दिसतात. पाचही घरांनी २००-२०० आणले तर प्रत्येकाच्या नावावर १००० आणि गावाची बेरीज ५०००. माल एक गोणी, हिशेब पाच गोण्यांचा! एरर मात्र एकही येत नाही.

उपाय साधा आहे. रिकामा मोठा ॲरे घ्या, लूप फिरवा, आणि लूपच्या आत, दर फेरीला, नवा रिकामा ॲरे तयार करून पुश करा. लूपच्या बाहेर एकदा तयार करून आत तोच पुश केलात, तर पुन्हा तीच गत. (फिलमध्ये नुसता शून्य भरला तर चालतो बरं का. आकडा असा वाटून घेतला जात नाही, ॲरे जातो.)

गावात नेण्याआधी एवढं करून बघा: फक्त एका घरात ७ पुडे टाका आणि बाकीची चार घरं उघडा. तिथे काहीही दिसलं, तर फिल शोधा.