लहान इंजिन, मोठा दम

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे तालुके घाटाखाली आहेत. तेथे पूर्णा नदीचे सपाट खोरे आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर आहेत. मलकापूरहून बुलढाण्याला यायचे तर राजूर घाट चढावा लागतो. खामगावहून यायचे तर बोथा घाट लागतो.

म्हणून आपल्याकडे गाडी घेणारा माणूस दोन गोष्टी विचारतो. "घाटात दम धरंल का?" हा पहिला प्रश्न. "अ‍ॅव्हरेज किती देते?" हा दुसरा. पूर्वी या दोन प्रश्नांचे उत्तर एकत्र मिळत नसे. मोठे इंजिन घाट चढे, पण डिझेल फार पिई. लहान इंजिन कमी पिई, पण घाटात धापा टाकी. आता दुकानदार सांगतो, "इंजिन लहान आहे, पण टर्बो आहे. दम मोठ्याचा, खर्च लहानाचा." हे खरे की खोटे? बरेचसे खरे आहे, पण पुरते नाही. ते कसे, हे आपण या धड्यात पाहू.

इंजिनाचा श्वास

चुलीत लाकूड आहे, पण वारा नाही, तर काय होते? धूर होतो, जाळ होत नाही. फुंकणीने फुंकले की जाळ उठतो. लोहार भात्याने वारा घालतो, तेव्हाच लोखंड लाल होते. इंजिनाचेही तसेच आहे. इंजिनाला इंधन लागते आणि हवाही लागते. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. इंधन टाकीतून येते. हवा इंजिनाने स्वतः ओढायची असते.

सिलिंडर म्हणजे इंजिनातील नळकांडे. त्यात दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्या खाली गेला की हवा आत येते. सगळ्या नळकांड्यांत मिळून किती हवा मावते, त्याला इंजिनाचे माप म्हणतात. ते माप सीसीमध्ये सांगतात. १००० सीसी म्हणजे एक लिटर.

हवा जास्त तर इंधन जास्त जाळता येते. इंधन जास्त जळले तर ताकद जास्त मिळते. मग हवा वाढवायची कशी? दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे नळकांडी मोठी करायची किंवा त्यांची संख्या वाढवायची. हे मोठे इंजिन. दुसरी वाट म्हणजे नळकांडी लहानच ठेवायची, पण हवा दाबून भरायची. हे टर्बोचे इंजिन. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता.

भाता ओढतो कोण?

लोहाराचा भाता माणूस ओढतो. टर्बोचा भाता इंजिनाचा धूर ओढतो. यातच त्याची खुबी आहे.

इंजिनात जे इंधन जळते, त्यातला साधारण तिसरा हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. बाकीची उष्णता रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. म्हणजे गरम, जोरदार धूर फुकट जातो. टर्बोत एका बारीक दांड्यावर दोन पंखे बसवलेले असतात. बाहेर जाणारा धूर एक पंखा फिरवतो. त्याबरोबर दुसरा पंखा फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतो. हे पंखे मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतात.

सायकलला हवा भरताना पंप तापतो, हे आपण पाहिले आहे. हवा दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा फुगते. म्हणून बऱ्याच गाड्यांत दाबलेली हवा आधी एका जाळीतून नेऊन थंड करतात. मग ती इंजिनात सोडतात.

ही युक्ती नवी नाही. स्वित्झर्लंड देशाचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९२५ साली त्यांनी टर्बो लावून डिझेल इंजिनाची ताकद ४० टक्क्यांहून अधिक वाढवून दाखवली. प्रथम ती जहाजांत आली, मग ट्रकमध्ये. आपल्या रेल्वेने १९६२ साली अमेरिकेहून डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने आणली. त्यांनाही टर्बो होता. एकेकाची ताकद २६०० अश्वशक्ती होती. पुढे ती इंजिने वाराणसीला बनू लागली.

दोन उदाहरणे

टाटा कंपनीची दोन पेट्रोल इंजिने पाहू. दोन्ही ११९९ सीसीची, दोन्ही तीन सिलिंडरची. टियागो गाडीतल्या इंजिनाला टर्बो नाही. त्याची ताकद ८६ अश्वशक्ती. नेक्सॉन गाडीतल्या इंजिनाला टर्बो आहे. त्याची ताकद १२० अश्वशक्ती. माप तेच, पण ताकद दीडपटीच्या जवळ गेली.

दुसरे उदाहरण बोलेरोचे. जुन्या बोलेरोचे डिझेल इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे होते. ताकद ६३ अश्वशक्ती. २०२० पासूनच्या बोलेरोचे इंजिन दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे आहे. ताकद ७६ अश्वशक्ती. टर्बो जुन्या इंजिनातही होता. नव्या इंजिनात त्याच्याकडून अधिक काम घेतले आहे.

इंजिने लहान होण्याचे कारण केवळ इंधनाची बचत हे नाही. करही आहे. गाडी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत असेल, तर त्या गाडीवर कर कमी बसतो. वरचे आकडे पुन्हा पाहा. ११९९ सीसी का, दीड लिटर का, ते ध्यानात येईल.

बचत कोठून होते?

पूर्वी काळ्या रानात मोठा लोखंडी नांगर ओढायला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या जुंपत. नांगरट वर्षातून थोडेच दिवस. पण चार जोड्या दावणीला बांधल्या तर वैरण बारा महिने लागते. म्हणून शेतकरी एक जोडी ठेवी आणि नांगरटीला शेजाऱ्याच्या जोड्या सावडीने घेई. मोठे इंजिन म्हणजे दावणीच्या चार जोड्या. लहान टर्बो इंजिन म्हणजे घरची एक जोडी आणि गरजेपुरती सावड.

आता हिशेब करू. समजा गाडी, माणसे आणि माल मिळून वजन दोन टन आहे. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. सपाट रस्त्यावर तिला सुमारे ६ अश्वशक्ती लागते. समजा पुढे चढ आला. वीस मीटर चालले की एक मीटर वर, असा चढ. तोच वेग ठेवायचा तर केवळ चढासाठी आणखी १५ अश्वशक्ती लागते. म्हणजे एकूण २१. सपाटीच्या साडेतीनपट! पण घाट संपला की गरजही संपते.

हलके काम करताना मोठे इंजिन इंधन वाया घालवते. त्याचे दट्टे मोठे, घासणारे भाग जास्त. त्यांना नुसते फिरवायलाही ताकद लागते. पेट्रोलच्या इंजिनात आणखी एक गोष्ट आहे. त्यात हवेच्या वाटेवर झडप असते. गाडी हळू चालते तेव्हा ती झडप बरीचशी बंद असते. अरुंद वाटेतून हवा ओढताना ताकद फुकट जाते. लहान इंजिनाचे हे दोन्ही तोटे कमी होतात.

पण हेही नीट ऐका. टर्बो हवा फुकट देतो, इंधन फुकट देत नाही. तुम्ही १२० अश्वशक्ती वापरली, तर इंधनही १२० अश्वशक्तीचेच जळणार. पेट्रोलचे टर्बो इंजिन सतत ताणले तर ते फार तापते. ते जळू नये म्हणून आत जास्तीचे पेट्रोल सोडले जाते. मग अ‍ॅव्हरेज झपकन उतरते. डिझेलच्या इंजिनाला हा त्रास नाही. म्हणून डिझेलच्या इंजिनाला टर्बो फार मानवला आहे.

ट्रॅक्टरचे काय?

गाडीला घाट कधीतरी लागतो. ट्रॅक्टरचे काम वेगळे. रोटाव्हेटर लावला की तासन्‌तास पुरे ओझे असते. म्हणून आपल्याकडच्या ५० अश्वशक्तीपर्यंतच्या बहुतेक ट्रॅक्टरांना टर्बो नसतो. इंजिन मोठे असते, फेरे कमी असतात. ते सावकाश चालते, पुष्कळ दिवस टिकते आणि गावचा मिस्त्री ते खोलू शकतो. मोठ्या ट्रॅक्टरांना मात्र टर्बो असतो. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आहेत.

टर्बोचा आणखी एक स्वभाव आहे. फेरे कमी असतील तर धूर कमी, आणि धूर कमी तर भाता हळू. म्हणून घाटाच्या वळणावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नये. खालचा गिअर टाकावा. फेरे वाढले की दम येतो.

घेण्यापूर्वी हिशेब

समजा एक गाडी लिटरला १२ किलोमीटर चालते, आणि दुसरी, टर्बोची, १५ किलोमीटर. दुसरीची किंमत ५०,००० रुपयांनी जास्त आहे. डिझेल लिटरला ९० रुपये धरू.

तुमची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालत असेल तर पहिलीला १००० लिटर लागेल, दुसरीला ८०० लिटर. बचत २०० लिटरची, म्हणजे १८,००० रुपयांची. जास्तीचे पैसे पावणेतीन-तीन वर्षांत वसूल होतील.

पण गाडी वर्षाला ३,००० किलोमीटरच चालत असेल तर? बचत ५० लिटरची, म्हणजे ४,५०० रुपयांची. पैसे वसूल व्हायला अकरा वर्षे लागतील. गाडी कर्जाने घेतली असेल तर व्याज वेगळे. तोवर टर्बो बिघडला तर तो बहुधा पुराच बदलावा लागतो. तो खर्च हजारोंचा असतो. म्हणून आम्ही सांगतो, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आपली गाडी कोठे चालणार, किती चालणार, ते आपल्या वहीत मांडा. मग सही करा.

टर्बोची निगा

१. ऑइल वेळेवर बदला. कंपनीने सांगितले तेच घाला. टर्बोचा दांडा ऑइलवरच तरंगतो.

२. गाडी सुरू केल्याबरोबर रेस देऊ नका. अर्धा मिनिट थांबा.

३. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. एक-दोन मिनिटे तसेच चालू द्या. टर्बो निवू द्या.

४. हवेचा फिल्टर साफ ठेवा. आपल्याकडे धूळ फार. फिल्टर फाटला तर कचरा थेट पंख्यावर जातो.

५. धुराकडे लक्ष ठेवा. धूर निळा असेल तर ऑइल जळते आहे. धूर काळा असेल तर हवा कमी पडते आहे. शिट्टीसारखा नवा आवाज आला तर हवेची नळी तपासून घ्या.

हे लक्षात ठेवा

काम बहुतेक वेळ हलके आणि कधीतरी जड असेल, तर लहान टर्बो इंजिन बरे. काम सतत जड असेल, तर मोठे इंजिन बरे. निगा राखायची नसेल, तर टर्बो नको.

प्रश्न

१. टर्बोला इंजिनाचा भाता का म्हटले आहे?

२. हलके काम करताना मोठे इंजिन जास्त इंधन का खाते?

३. वरच्या उदाहरणातील गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालली, तर किती लिटर डिझेल वाचेल? किती रुपये वाचतील?

४. तुमच्या गावातल्या एका गाडीची टाकी पूर्ण भरा. पुन्हा भरेपर्यंत ती किती किलोमीटर चालली आणि किती लिटर लागले, ते लिहून ठेवा. तिचे खरे अ‍ॅव्हरेज काढा.