पहिले पाचशे फूट

हिवरा आश्रम या गावी गेलो की कुणीतरी विचारतंच, "भाऊ, वर इंजिन बंद पडलं तर?" अहो, वर बंद पडलं तर बरंच! उंची असली की वेळ मिळतो. विमान उडवायला शिकवताना मला धास्ती असते ती चाकं जमीन सोडतात तिथपासून पाचशे फुटांपर्यंतची.

१. मागे वळू नका. इंजिन गेलं की पाठीमागची धावपट्टी प्रत्येकाला खुणावते. चढताना सेस्ना १५२ या शिकाऊ विमानाचं नाक वर असतं, ताकद गेली की वेग भराभर उतरतो. त्यात वळण घेतलं तर तरंगत राहायलाच जास्त वेग लागतो. ४५ अंश कललं तर सुमारे १९ टक्के जास्त. तेवढा नसला की विमान गरकन फिरून आपटतं. म्हणून आधी नाक खाली, वेग साठ नॉट, आणि समोर दिसेल ते शेत आपलं. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून निघालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. ते एकटीने उडवणारी मुलगी वाचली.

२. हे जमिनीवरच ठरवा. ब्रेक सोडण्याआधी मी पोरांकडून मोठ्याने वदवून घेतो, "निम्म्या धावपट्टीपर्यंत उडायला लागणाऱ्या वेगाच्या ७० टक्के वेग नाही आला, तर थांबणार. पाचशे फुटांखाली इंजिन गेलं, तर सरळ." पोरं हसतात. हसू द्या.

३. मे महिन्याच्या दुपारी उडू नका. अकोल्याची शिवणीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे. पारा ४५ ला गेला की तिथली हवा जवळपास पाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ होते. धाव लांबते, चढ मंदावतो. निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडताच खाली आलं, तो २०१७ चा मे महिनाच होता. सगळे बचावले.

४. पेट्रोल काढून पाहा. विमानाचं पेट्रोल निळं असतं. नळीत घेतलं की इंजिन बंद पाडणारं पाणी, असलं तर, तळाशी वेगळं दिसतं. पावसाळ्यात तर हे टाळूच नका.

५. हे गावकऱ्यांसाठी. १६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षक गेले. विमानातल्या जखमी शिकाऊ मुलीला न्यायला एका आदिवासी बाईने आपलं लुगडं दिलं, त्याची झोळी झाली. उद्या तुमच्या सोयाबीनमध्ये विमान उतरलं तर ११२ ला फोन लावा, बिड्या विझवा, पुढच्या पंख्यापासून लांब राहा, पट्टे सोडवून माणसं बाहेर काढा. आणि तुकडे घरी नेऊ नका, तपास त्यांवरूनच होतो.