बाराव्या दिवसाचा रिपोर्ट

नांदेड

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि रिपोर्टचा फोटो मिळाला. ‘नॉन-रिॲक्टिव्ह आलं मावशी, सुटलो’ असं लिहिलंयस. फोन केला असता, पण तू तिथे लातूरला रूमवर चौघांत राहतोस आणि आमच्या घरातही भिंतींना कान आहेत, म्हणून पत्र. तू कुणाबरोबर होतास, कसा गेलास, हे मी विचारणार नाही. लॅबमध्ये इतकी वर्षं काढली, रक्ताच्या नळीला हा प्रश्न मी कधी विचारला नाही. मी विचारते ती तारीख. त्या रात्रीनंतर बाराव्या दिवशी तू रक्त दिलंस. म्हणजे तुझा जीव भांड्यात पडायला अजून वेळ आहे.

तू केलेली एचआयव्हीची कार्ड टेस्ट विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती शोधते; आणि ती तयार व्हायला शरीराला काही आठवडे लागतात. त्या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. तेव्हा माणसाला लागण झालेली असते, तो दुसऱ्याला ती देऊही शकतो आणि रिपोर्ट मात्र स्वच्छ येतो. बाराव्या दिवसाच्या तुझ्या रिपोर्टवरून तू काही महिन्यांपूर्वी कसा होतास एवढं कळलं. त्या रात्रीचं त्यात काही नाही. प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं प्रथिनही पकडणारी चौथ्या पिढीची टेस्ट ४५ दिवसांनी केली, तर तिच्या निगेटिव्हवर बराच भरवसा ठेवता येतो. साध्या कार्डाला पूर्ण तीन महिने द्यायचे. मधे पुन्हा संबंध आला, तर मोजणी पहिल्यापासून.

घरी कार्ड मागवून टेस्ट करायचं मनात असेल तर ऐक. पट्टीच्या खाचेत रक्ताचा थेंब टाकला आणि वर बफर घातलं की लाली पट्टीवरून हळूहळू सरकते. ‘सी’ अक्षरापाशी रेघ उमटलीच पाहिजे. ती नाही आली तर कार्ड बाद, मग बाकी काहीही दिसो. रिझल्ट किती मिनिटांत वाचायचा ते प्रत्येक किटच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. तेवढ्यातच वाचायचा. लोक जेवूनखाऊन तासाने बघतात, तोवर पट्टी वाळते, कुठेतरी पुसट छटा दिसते आणि रात्रभर झोप नाही.

आता उलट बाजू. तू क्लासवर फिजिक्स शिकवतोस, त्यामुळे गणित तुला सांगायला नको, पण हे कर. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के धरतात. दहा हजार माणसं तपासली तर लागण झालेली सुमारे वीस. टेस्ट ९९.५ टक्के निरोग्यांना बरोबर निरोगी ठरवते असं समज. उरलेल्या ९,९८० निरोग्यांपैकी तरी जवळपास पन्नास जण चुकून पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे सत्तर पॉझिटिव्हमध्ये पन्नास विनाकारण घाबरलेले! एवढ्या चांगल्या टेस्टची ही तऱ्हा, म्हणून सरकारी केंद्रात एका टेस्टवर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. तीन वेगवेगळ्या पद्धतीच्या टेस्ट करतात, तिन्हींचं एकमत झालं तरच. खासगी लॅबमध्ये एका कार्डावर घाबरून गेलेला माणूस मी पाहिलाय, त्याला आधी हेच समजावावं लागतं.

हा कडकपणा पहिल्या दिवसापासूनचा आहे. १९८६ साली चेन्नईत भारतातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले. ते शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने जमवलेले नमुने वेल्लोरला तपासले, तेव्हा सहा जणींचे पॉझिटिव्ह आले. त्यांनी लगेच डांगोरा पिटला नाही. त्या सहा जणींचं पुन्हा रक्त घेतलं, अमेरिकेत वेगळ्या पद्धतीच्या टेस्टने पडताळून घेतलं, मग देशाला कळलं.

पण तुझं सगळं लक्ष एचआयव्हीवर आहे, आणि मला काळजी बाकीच्यांची जास्त. एचआयव्ही असलेल्या जोडीदाराबरोबर कंडोमशिवाय एकदा स्त्री-पुरुष संबंध आला तर पुरुषाला लागण होण्याचा धोका सरासरी हजारात एकाहूनही कमी. अर्थात गुप्तांगावर जखम असेल तर तो वाढतो. गनोरिया आणि सिफिलिस याहून कितीतरी सहज लागतात. सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही आणि औषध न घेता आपोआप भरतो, म्हणून माणसाला वाटतं, बरं झालं. पुढे तळहातावर, तळपायावर पुरळ येतं तेव्हा तो त्वचेच्या डॉक्टरकडे उष्णतेचं औषध मागतो. सिफिलिसची व्हीडीआरएल टेस्ट मोठी लहरी. मलेरिया, कुष्ठरोग, गर्भारपण, यातही ती कधी पॉझिटिव्ह येते. आणि रक्तात प्रतिपिंडं फारच जास्त असली तर उलट निगेटिव्ह दिसते. सीरम पातळ करून बघितलं की मग खरं रूप कळतं. म्हणून व्हीडीआरएलच्या जोडीला टीपीएचए करून घे, तीही तीन महिन्यांनी पुन्हा.

क्लॅमिडिया आणि गनोरिया अनेकदा काही त्रास देत नाहीत. ते रक्तात सापडत नाहीत, लघवीची वेगळी तपासणी लागते. तुझ्या मित्राने केलेल्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये यातलं बहुधा काहीच नसतं. कोलेस्टेरॉल मात्र कळतं. आणि मेडिकलवाल्याने दिलेली अझिथ्रोमायसिनची गोळी तू घेतलीस असं लिहिलंयस, ते मला अजिबात आवडलं नाही. अर्ध्यामुर्ध्या औषधाने रोग जात नाही, नुसता दबतो, आणि पुढच्या डॉक्टरची दिशाभूल होते.

लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचा व गुप्तरोग विभागात जा. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध फुकट. एचआयव्हीसाठी एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्र, म्हणजे लोक आयसीटीसी म्हणतात ते. शंका असेल तर १०९७ वर विचार, पैसे पडत नाहीत. ओळखीचं भेटेल अशी भीती वाटते तर इकडे नांदेडला ये. लातूरचे लोक नांदेडला येतात, नांदेडचे लातूरला जातात, आणि कधीकधी एकाच एसटीत एकमेकांना बघून खिडकीबाहेर तोंड करतात. आणि २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुझ्या संमतीशिवाय कुणी तुझी एचआयव्ही तपासणी करू शकत नाही आणि निकाल बाहेर सांगू शकत नाही. बसस्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज, रविवारी लॉजवर भेटा’ अशा पाट्या दिसतील. त्या दिशेला फिरकू नकोस.

पुढे असा प्रसंग आलाच, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जायचं, २८ दिवसांच्या गोळ्या असतात. जितक्या लवकर तितकं बरं. तुझी ती वेळ गेली. हिपॅटायटिस बीची लस मात्र विचारून घे, ती झालीय का ते ताईला, म्हणजे तुझ्या आईलाही, आठवत नसेल.

आता लग्नाचं. पाहुणे येणार आहेत म्हणून ताई खुशीत आहे. बघणं होऊ दे, बोलणी होऊ दे, पण तारीख तीन महिन्यांच्या अलीकडची धरू नकोस. कारण विचारलं तर क्लासच्या परीक्षा पुढे कर. तोवर कंडोमशिवाय कुणाजवळही नाही.

आणि जयंतीच्या रक्तदान शिबिराचं. ‘रक्त दिलं की फुकटात तपासणीही होते’ असं तुझ्या मित्रांनी सुचवलंय म्हणे. रक्तपेढी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया तपासते हे खरं. पण विंडो पिरियडमधलं रक्त तिच्याही हातून निसटू शकतं, आणि तुझी पिशवी एखाद्या बाळंतिणीला चढेल. शिबिरात फॉर्मवर तुला अशा संबंधांबद्दल प्रश्न विचारतील, तिथे खोटं लिहू नकोस. मित्रांनी ओढलंच तर सांग, अँटिबायोटिक चालू आहे. त्या कारणाने तसेही शिबिरवाले तुला परत पाठवतील.

ताईला मी काही बोललेले नाही, बोलणारही नाही. गोळी कोणत्या दिवशी घेतलीस आणि किती, ते मला लिहून कळव, डॉक्टरलाही तेच दाखव.

तुझी
शैलामावशी