दाखल करतानाच विचार

पोरी, नर्सिंगच्या पुस्तकात तुला एक तक्ता भेटेल. डावीकडे धर्म, उजवीकडे ते काय खातात, काय खात नाहीत, मेल्यावर काय करतात. तो वाच, अधूनमधून कामाला येतो. पण त्यावरून खाटेवरचा माणूस कळला असं समजू नकोस. एखादे जैन शहा बटाटेवडा आवडीनं खातात. आणि पलीकडच्या खाटेवरचे पाटील आजोबा माळकरी असतात, त्यांना प्रोटीनसाठी अंडं पाठवलं की ताट तसंच परत येतं. डाळ, दूध, शेंगदाणे, चणे यांत प्रोटीन असतंच की, आधी विचारलं असतं तर आहारतज्ज्ञाला तसं कळवता आलं असतं.

म्हणून दाखल करून घेतानाच विचार. खाण्यापिण्याचं काही व्रत, काही नेम? अंगावरचं काय काढलेलं चालणार नाही? तपासायला बाईच हवी का? मोठा निर्णय घरात कोणाला विचारून घेता? कोणत्या नावानं हाक मारू? हे प्रश्न प्रत्येकाला विचार, आडनाव बघून निवडक लोकांना नाही. तृतीयपंथी पेशंट आला की शेवटच्या प्रश्नाचं मोल तुला कळेल, कारण केसपेपरवरचं नाव आणि त्या व्यक्तीचं नाव वेगळं असू शकतं. जात मात्र विचारू नकोस आणि आडनावावरून हुंगूही नकोस.

ऑपरेशनची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू कर. थिएटरचा मामा ट्रॉली घेऊन दारात उभा असताना मंगळसूत्र काढायला सांगितलं की बाई घाबरते, सासू रडायला लागते. आदल्या दिवशी शांतपणे सांग की आत विजेचं यंत्र वापरतात, धातूनं चटका बसू शकतो, सूज आली तर बांगडी रुतते. मग बहुतेक जणी स्वतःच्या हातानं काढून नवऱ्याकडे देतात. तुळशीची माळ, ताईत, पारशी माणसाच्या कमरेचा पवित्र दोरा म्हणजे कुस्ती, यांना कात्री लावायची नाही. शीख पेशंटचा केस न विचारता एकही कापायचा नाही. कडं निघतच नसेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञाला आधी कळव, पुढचं ते ठरवतील.

उपवासाचं प्रकरण जास्त नाजूक. एकादशीला आजी इन्सुलिन नेहमीचं घेतात आणि दुपारपर्यंत पोटात काही नाही, म्हणजे साखर खाली. मग साबुदाण्याची खिचडी भरपेट, म्हणजे साखर वर. चौविहार पाळणारे जैन सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, रात्री नऊची गोळी उशीखाली जाते. रमजानात दिवसाच्या गोळीचं तेच होतं. रागावलीस तर ते तुझ्यापासून लपवतील, एवढंच होईल. ‘उपवास करणार आहात का?’ असं मोकळेपणानं विचार आणि डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा, इन्सुलिनची मात्रा बदलता येते का ते बघ. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुराणातच आहे, पण ते तू सांगण्यापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा त्यांच्या मौलानांनी सांगितलेलं पटतं. त्यांना बोलावून घे.

आता गडचिरोलीची गोष्ट ऐक. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या आदिवासींना विचारलं की सरकारी दवाखान्यात का जात नाही. उत्तर आलं, तिथं सगळे पांढऱ्या कपड्यात असतात. पांढरं कापड आम्ही मढ्यावर घालतो. आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. मग त्यांनी शोधग्राम या आपल्या ठिकाणचा दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला, सोबतच्या माणसांना राहायची सोय केली आणि दवाखान्याला आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. तुला इमारत बदलता येणार नाही. पण जंगलातून पहिल्यांदा शहरात आलेल्या बाईजवळ तिची बहीण भेटीची वेळ संपल्यावरही बसू दे. राउंडला डॉक्टरांचा घोळका आला की हे कोण, कशासाठी आले, ते तिला सांग.

पारधी बाई वॉर्डात आली की बाकीचे पर्स उशाखाली सरकवतात. तिला ते दिसतं. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, पुढे पारधीही त्यात ओढले गेले. तो कायदा 1952 मध्ये गेला, नजर गेली नाही. अशा बाईला युनिफॉर्म दिसला की पोलीस आठवतो. तिच्या खाटेशी तू स्वतः जा, नावानं हाक मार. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी राम्सडेन यांनी हेच ठासून सांगितलं की सेवा सुरक्षित वाटली की नाही, हे घेणाऱ्यानं ठरवायचं, आणि नर्सनं आधी स्वतःच्या मनातलं तपासायचं. मला आपल्या कामात याहून महत्त्वाचं काही वाटत नाही.

भाषा कळत नसेल तर दहा वर्षांच्या मुलाला दुभाष्या करू नकोस. आईची पाळी, गर्भपात, मारहाण त्याच्या तोंडून कशी वदवणार? नवराही नेहमी बरोबर नसतो. वॉर्डातली मावशी, दुसऱ्या मजल्यावरची केरळची सिस्टर, बिहारचा ब्रदर, कोणाला काय येतं याची यादी ठेव. आणि पेशंटनं मान हलवली म्हणजे समजलं असं धरू नकोस, गोळी कशी घेणार ते त्याच्याकडूनच म्हणवून घे.

बाळंतिणीकडे बाळाच्या कानात अजान द्यायची असेल तर देऊ दे, दोन मिनिटं लागतात. जिभेवर मध लावायचा असेल तर मात्र अडव. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे, हे आजीलाच समोर बसवून समजाव, सुनेला नाही. चीक टाकून देत असतील तर तेही आजीशीच बोल.

शेवटच्या घटकेला तोंडात गंगाजल घालायचं म्हणतात. बेशुद्ध माणसाच्या घशात ते जाऊन ठसका लागतो, तेव्हा कापसानं ओठ ओले करायला सांग, त्यांचंही समाधान होतं. मृत्यूनंतर अंघोळ कोण घालणार, तोंड कोणत्या दिशेला हवं, हे विचारल्याशिवाय देहाला आवरायला घेऊ नकोस. पोलीस केस असेल आणि पोस्टमॉर्टेम होणार असेल तर ते लगेच सांग, कारण दफनाची घाई असलेल्या घराला प्रत्येक तास जड जातो.

आणि जे विचारलंस ते लिही. चौविहार, माळ, ‘पुरुषांनी तपासू नये’, बोलीभाषा, हे सगळं हँडओव्हरच्या वहीत जाऊ दे, म्हणजे नाइटची सिस्टर तेच पुन्हा विचारणार नाही. ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं लिहायला हात गेला तर थांब. त्यानं नक्की काय नाकारलं आणि का, ते लिही.