वाईचा ढोल्या गणपती : देवळाच्या मागची भिंत

शिक्षक मित्रांनो, पालकहो, वाईच्या सहलीत ढोल्या गणपतीचं दर्शन आणि घाटावर फोटो झाला की मुलांना लगेच गाडीत बसवू नका. देवळाला वळसा घालून मागे न्या. सरदार गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ कृष्णेच्या अगदी काठावर बांधलं. पूर येणारच, म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली. पाणी तिच्यावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. भिंत सपाट असती तर सगळा लोंढा थेट आदळला असता.

हे आधी सांगू मात्र नका. 'भिंत अशी का?' एवढंच विचारा आणि थांबा. इतिहासाच्या सहलीत विज्ञानाचा तास होतो की नाही बघा!

वेळ उरला तर जवळच मेणवलीचा घाट आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथून आलेली पोर्तुगीज घंटा तिथं टांगलेली आहे.