भनपुरीचे पाणी आणि समुद्र

रायपूर शहराच्या उत्तरेकडील भनपुरी हा कारखान्यांचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर वसलेला असून बंगालच्या उपसागराचा किनारा तेथून सुमारे 400 किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी वाढणाऱ्या विद्यार्थ्याला सागरविज्ञान हा परका विषय वाटावा, हे स्वाभाविकच होय. परंतु भनपुरीत पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचा मार्ग नकाशावर शोधला, तर हा परकेपणा फार काळ टिकत नाही. ते पाणी नाल्यांवाटे खारून नदीत जाते. खारून सोमनाथजवळ शिवनाथला मिळते, शिवनाथ शिवरीनारायणच्या परिसरात महानदीत विलीन होते आणि महानदी हिराकुडचे धरण ओलांडून, कटकजवळ अनेक फाट्यांत विभागून, समुद्राला मिळते. पारादीपचे बंदर तिच्याच मुखाशी आहे. या प्रवासाच्या अखेरीस काय घडते, हे समजून घेण्यासाठी भरती-ओहोटी, सागरी प्रवाह आणि नदीमुख या तीन गोष्टींचा परिचय आवश्यक आहे.

भरती-ओहोटी

चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या सर्व भागांवर सारखे नसते. चंद्राकडील बाजूवर ते अधिक असते आणि विरुद्ध बाजूवर कमी. या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाणी फुगते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. सूर्याचाही असाच परिणाम होतो. मात्र तो चंद्राच्या परिणामाच्या निम्म्याहून कमी असतो. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास दोन्ही परिणाम एकत्र येतात व उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांस छेद देतात आणि भरती बेताची राहते. तिला भांगाची भरती म्हणतात.

चंद्र दररोज सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. कोकणातील कोळी बांधवांनी यावरून एक सुटसुटीत हिशेब बसविलेला आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट म्हणजे तीन. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. हे गणित स्थूल आहे आणि ते कोकण किनाऱ्यापुरतेच आहे. किनाऱ्याचा आकार व समुद्राची खोली यांमुळे प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते, म्हणून हाच आकडा पारादीपला लावता येत नाही. भरतीची उंचीही अशीच बदलते. उधाणाच्या वेळी पारादीपला पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरांनी वरखाली होते, मुंबईस साडेतीन मीटरांहून अधिक, तर निमुळत्या होत गेलेल्या खंबातच्या आखातात हा फरक दहा मीटरांच्या आसपास जातो.

सागरी प्रवाह

भरतीचे पाणी काही तासांत परत फिरते. सागरी प्रवाह मात्र आठवडे अन् महिने एकाच दिशेने वाहतात. वारा, पाण्याच्या घनतेतील फरक आणि पृथ्वीचे परिवलन ही त्यांची मुख्य कारणे होत. हिंदी महासागराच्या उत्तर भागाचे वैशिष्ट्य असे, की येथील प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर आपली दिशा बदलतात. भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत उत्तरेकडे आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडे वाहतो. पावसाळ्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी इत्यादी नद्यांनी आणलेले गोडे पाणी या दक्षिणवाही प्रवाहाबरोबर श्रीलंकेकडे जाते, आणि त्या कमी खाऱ्या पाण्याचा काही भाग हिवाळ्यात अरबी समुद्राच्या आग्नेय भागातही पोहोचतो. छत्तीसगढच्या मैदानात पडलेल्या पावसाचा संबंध अशा रीतीने केरळच्या समुद्राशी जडतो.

या महासागराचा पद्धतशीर अभ्यास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने केला. ती 1965 मध्ये संपली आणि तिच्यातूनच 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. संस्थेचे मुख्यालय गोव्यातील दोना पावला येथे आहे.

नदीमुख

गोडे पाणी हलके आणि खारे पाणी जड असते. काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घेऊन त्यावर चमच्याच्या आधाराने रंगीत गोडे पाणी हळूहळू सोडल्यास दोन थर स्पष्ट दिसतात. पेला ढवळला की थर नाहीसे होतात. नदीमुखात नेमके हेच घडते. नदीचे पाणी वरून समुद्राकडे सरकते, समुद्राचे पाणी तळाशी पाचरीसारखे आत शिरते आणि भरतीची ये-जा ढवळण्याचे काम करते. गोव्याच्या मांडवी नदीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. पावसाळ्यात पुराच्या जोरामुळे त्याच खाडीचे पाणी बरेचसे गोडे होते, तर उन्हाळ्यात खारेपणा आत चढत जातो. मासे, कोळंबी, तिसऱ्या आणि काठची तिवरांची झाडे या ऋतुचक्राशी जुळवून घेऊन जगतात.

हा तोल बिघडला तर काय होते, याचे उदाहरण महानदीच्याच प्रदेशात आहे. तिच्या दया व भार्गवी या शाखांचे पाणी चिलिका या खारकच्छात जाते. नद्यांनी आणलेला गाळ आणि किनाऱ्यालगत सरकणारी वाळू यांमुळे चिलिकाचे मुख अरुंद व दूर होत गेले. भरतीचे पाणी पुरेसे आत येईना. खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली आणि मच्छीमार कुटुंबांचा आधार खचला. 1993 मध्ये चिलिकाची नोंद संकटग्रस्त पाणथळ प्रदेशांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत झाली. सप्टेंबर 2000 मध्ये नवे मुख खोदण्यात आले. भरतीला वाट मिळताच खारेपणा व मासळी दोन्ही सावरली आणि 2002 मध्ये ते नाव सूचीतून काढण्यात आले.

येथे समुद्राची वाट बंद झाली होती. नदीची बाजूही तितकीच महत्त्वाची असते. 1957 मध्ये उद्घाटन झालेल्या हिराकुडसारख्या धरणांत पाण्याबरोबर गाळही अडतो, आणि त्रिभुज प्रदेशाची भूमी तर गाळावरच टिकून असते. नदीत सोडलेले सांडपाणीही प्रवाहाबरोबर खाली जाते. म्हणून नदीमुखाचे आरोग्य केवळ किनाऱ्यावर ठरत नाही; ते खारूनच्या खोऱ्यातही ठरते. विद्यार्थ्याने आपल्या घराजवळच्या नाल्यापासून पारादीपपर्यंतचा जलमार्ग नकाशावर स्वतः रेखाटावा आणि वाटेत कोठे पाणी अडते, कोठे वळविले जाते व कोठे त्यात काय मिसळते, याची नोंद करावी. सागरविज्ञानाचा आरंभ त्याला तेथूनच करता येईल.