विरघळणारा आधार : अस्थिभंगावर मॅग्नेशियमचे मिश्रधातू

शाळेच्या प्रयोगशाळेत डोळे दिपविणाऱ्या पांढऱ्या ज्योतीने जळणारी मॅग्नेशियमची फीत विद्यार्थ्यांच्या परिचयाची असते. याच धातूच्या मिश्रधातूंचे स्क्रू आता मोडलेल्या हाडांत बसविले जात आहेत. हाड सांधल्यावर हा स्क्रू काढावा लागत नाही. तो शरीरातच हळूहळू विरून जातो.

हाड मोडल्यास शल्यचिकित्सक ते पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या पट्टीने व स्क्रूने जखडून ठेवतात. या धातूंचे काम काही महिन्यांचे; मुक्काम मात्र कायमचा. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत, किंवा पट्टी टोचू लागल्यास, ती काढण्यासाठी अनेकदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. पुन्हा भूल, पुन्हा रुग्णालयातील खाट आणि पुन्हा बुडालेली मजुरी, असा तिचा भार हातावर पोट असलेल्या कुटुंबावर पडतो. शिवाय पोलाद हाडापेक्षा पुष्कळच ताठर असल्याने बराचसा भार तेच पेलते आणि भाराअभावी हाड कमकुवत होऊ शकते.

हाडाशी जुळणारा धातू

मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ हाडाइतकीच आहे. त्याचा ताठरपणा पोलादाच्या सुमारे एक चतुर्थांश आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात मुळातच सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते व त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत असते. जादा मॅग्नेशियम निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात.

खरी अडचण विरघळण्याच्या वेगाची आहे. पाण्याशी संयोग होऊन मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड बनते व हायड्रोजन वायू सुटतो. एक ग्रॅम धातूपासून सुमारे एक लिटर वायू निघतो. हायड्रॉक्साइडचा थर धातूचे काहीसे रक्षण करतो. परंतु रक्तातील क्षार तो थर भेदतात.

शतकापूर्वीचा धडा

१८७८ साली एडवर्ड ह्यूज या वैद्याने रक्तवाहिन्या बांधण्यासाठी मॅग्नेशियमची तार वापरली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेल्जियमचे शल्यचिकित्सक अल्बां लांबोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसविली. आठ दिवसांतच पट्टीचे तुकडे झाले आणि त्वचेखाली वायू साचला. शरीरातील खारट द्रवात दोन भिन्न धातू एकमेकांस लागताच विद्युतघट तयार झाला होता व त्यात मॅग्नेशियम झपाट्याने झिजले होते.

वेगाला वेसण

हाच प्रकार धातूच्या अंतरंगातही घडतो. मॅग्नेशियममध्ये मिसळलेला लोहाचा कण म्हणजे एक सूक्ष्म विद्युतघटच होय. शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोहाचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे १७० भागांपेक्षा वाढले की क्षरण एकदम वाढते, असे हनावाल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली दाखवून दिले. म्हणून शुद्धता ही पहिली अट ठरते. जस्त, कॅल्शियम किंवा यिट्रियमसारखी दुर्मिळ मृदाधातू अल्प प्रमाणात मिसळून बळकटी वाढविणे व क्षरण आटोक्यात ठेवणे, हा दुसरा उपाय होय. पृष्ठभागावर संरक्षक लेप देणे हा तिसरा.

या प्रयत्नांस फळ आले आहे. जर्मनीत पायाच्या अंगठ्याच्या विकृतीवर शस्त्रक्रिया झालेल्या २६ रुग्णांपैकी निम्म्यांना मॅग्नेशियमचे व निम्म्यांना टायटॅनियमचे स्क्रू बसविण्यात आले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील निष्पत्ती सारखीच आढळली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी अशा स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली. दक्षिण कोरियात २०१५ साली मॅग्नेशियम, कॅल्शियम व जस्त यांच्या मिश्रधातूचा स्क्रू मान्य झाला.

हे स्क्रू प्रामुख्याने हातापायांच्या लहान हाडांसाठी आहेत. मांडीच्या हाडासारख्या भारी कामासाठी पोलाद व टायटॅनियम यांचीच कास धरावी लागते. हाड सांधेपर्यंत टिकणारा आणि सांधल्यावर निघून जाणारा बळकट आधार तयार करणे, हे संशोधकांपुढील पुढचे काम आहे. ते साधल्यास अनेक रुग्णांची रुग्णालयातील दुसरी खेप वाचेल.